देण्याची पाळी कोणाची?

माणसाच्या देहातले एखादे इंद्रिय निकामी झाले, तर दुसऱ्याच्या देहातले तेच इंद्रिय काढून त्याच्या ठायी बसविता येते, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. किडनी बदलली, लिव्हर बदलले, असे शब्द खेड्यापाड्यांतही सहज कानी पडतात. एकादशीला पंढरीत भेटलेला एखादा माळकरी गडी सदरा वर करून पोटावरचा व्रण दाखवितो, तेव्हा भोवतालची मंडळी पांडुरंगाची कृपा म्हणून हात जोडतात. कृपा खरीच. परंतु त्या व्रणाच्या जोडीचा आणखी एक व्रण पुष्कळदा दुसऱ्या एका जिवंत माणसाच्या अंगावर असतो, आणि तो पाहावयास कोणी मागत नाही. तो व्रण कोणाच्या अंगावर आहे, आणि तो तेथेच का, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो.

आधी थोडी हकीगत सांगितली पाहिजे. एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसवून ते टिकविण्याचे काम अमेरिकेत बोस्टन शहरी डॉक्टर जोसेफ मरे व त्यांचे सहकारी ह्यांनी 23 डिसेंबर 1954 रोजी साधले. देणारा आणि घेणारा हे जुळे भाऊ होते, म्हणून एकाच्या देहाने दुसऱ्याचे इंद्रिय परके मानले नाही. पुढे 3 डिसेंबर 1967 रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथे डॉक्टर क्रिश्चन बर्नार्ड ह्यांनी हृदय बदलले; आणि त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, आपल्या मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर पी. के. सेन ह्यांनी तेच धाडस केले. रोगी काही तासांतच गेला. त्या काळी जगभर बहुतेक ठिकाणी असेच होत असे, कारण देह परके इंद्रिय ओळखतो आणि त्याच्यावर तुटून पडतो. त्याला आवरणारे सायक्लोस्पोरिन हे औषध 1980 नंतरच्या दशकात वापरात आले, तेव्हा कोठे हे काम भरवशाचे झाले. अशी औषधे मात्र रोग्याला जन्मभर घ्यावी लागतात, हे आमच्या लोकांना कोणी नीट सांगत नाही. ऑपरेशन झाले की संपले, असे त्यांस वाटते.

विद्या तर हाती आली. इंद्रिय आणावयाचे कोठून? दुकानात ते मिळत नाही, आणि मिळू नये म्हणून आपल्या देशाने 1994 साली कायदा केला. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ह्या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत तो 4 फेब्रुवारी 1995 पासून प्रथम लागू झाला. त्यापूर्वी गरिबाची किडनी पैसे मोजून घेण्याचा धंदा उघडउघड चालत असे; कायद्याने तो गुन्हा ठरविला. 2011 च्या दुरुस्तीने शिक्षा पाच ते दहा वर्षे आणि दंड वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत गेला. चोरवाटा अद्यापि अधूनमधून उघडकीस येतात, पण त्या चोरवाटा आहेत, राजरस्ता नव्हे. राजरस्ते कायद्याने दोनच ठेविले. एक, जिवंत माणसाने, मुख्यत्वे जवळच्या नातलगाने, आपखुशीने द्यावे. दुसरा, ज्याचा मेंदू मेला आहे अशा माणसाच्या देहातून, घरच्यांच्या संमतीने घ्यावे.

आता ह्या दोन रस्त्यांवर कोण किती चालते ते पाहा. 2024 साली भारतात सुमारे 18,900 प्रत्यारोपणे झाली. 2013 साली ही संख्या पाच हजारांच्या आत होती, तेव्हा वाढ मोठीच म्हणावयाची. परंतु ह्यांतली पाचांत चारांहून अधिक जिवंत माणसांच्या देहातून झाली. मेलेल्यांपैकी ज्यांनी दिले, किंवा खरे म्हणजे ज्यांच्या घरच्यांनी दिले, असे देह साऱ्या देशात वर्षाला अकराशेच्या आसपास. दर दहा लाख लोकांमागे एकदेखील पुरता भरत नाही. रस्त्यावरच्या अपघातांत आपल्या देशात वर्षाकाठी दीड लाखांहून अधिक माणसे मरतात. त्यांतल्या सर्वांचे अवयव उपयोगी पडणारे नसतात, हे आम्ही जाणतो. तरी पण दीड लाख कोठे आणि अकराशे कोठे!

जिवंत देणाऱ्यांकडे वळू. राष्ट्रीय अवयव व ऊतक प्रत्यारोपण संस्थेच्या नोंदींप्रमाणे 2023 साली जिवंत दात्यांत शंभरांमागे सुमारे 63 बायका होत्या. आणि घेणारे? 1995 पासून 2021 पर्यंत नोंदलेल्या 36 हजारांवर प्रत्यारोपणांत 29 हजारांहून अधिक पुरुष, आणि बायका सात हजारांच्याही आत. म्हणजे देण्याच्या पंगतीत बाई पुढे, आणि घेण्याच्या पंगतीत पाचांत एक. घरातल्या जेवणाची जी रीत, तीच येथेही येऊन बसली आहे. सर्वांचे झाल्यावर, उरले तर तिचे.

कोणी म्हणेल, पुरुषांना व्यसने अधिक, म्हणून त्यांची लिव्हरे अधिक बिघडतात. हृदयाचे विकारही त्यांना लवकर गाठतात. ह्यात तथ्य आहे. परंतु मूत्रपिंडाचा रोग काही बाईला ओळखून वगळीत नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही त्याची मोठी कारणे, आणि ती दोन्ही आमच्या आयाबहिणींत घरोघर आहेत. मग आजारी पडलेल्या त्या बायका जातात कोठे? डायलिसिसच्या खोलीपर्यंत काही पोहोचतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस चार-चार तास, यंत्राला जोडून पडावयाचे. जाण्यायेण्याचा दिवस वेगळा. सोबत कोण जाणार, गाडीभाडे कोण देणार, घरचा स्वयंपाक कोण करणार, ह्या प्रश्नांनीच पुष्कळींचा उपचार आधी पातळ होतो आणि मग थांबतो. किडनी मिळावी म्हणून तिच्यासाठी घर बसून विचार करते आहे, असे दृश्य विरळा.

आमच्या परिचयातल्या एका घरी मालकांना मूत्रपिंड बसविले. चार-सहा वर्षांनी त्या बाई भेटल्या, प्रकृती बरी होती. आम्ही सहज विचारले, "माऊली, तुम्हांस द्या म्हणून कोणी म्हटले?" त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणायचं कशाला महाराज? डॉक्टरांनी सांगितलं की घरातलं कुणीतरी लागेल. दीर बसले होते, थोरला मुलगा बसला होता, सासूबाई होत्या. सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं. मग मी म्हटलं, माझी घ्या." आम्ही विचारले, "मनात भीती नाही वाटली?" त्यावर त्या म्हणाल्या, "भीती वाटली. पण त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर लोक मलाच बोलले असते ना, की हिच्याजवळ दोन होत्या, एक दिली नाही."

ह्या माऊलीचे नवऱ्यावर प्रेम नव्हते असे आम्ही म्हणत नाही. प्रेम होतेच, आणि विचारले असते तरीही तिने बहुधा दिलेच असते. पण विचारणे आणि बघणे ह्यांत अंतर आहे. विचारले तर माणसाला 'नाही' म्हणावयास जागा राहते. नुसते बघितले तर ती जागाच बुजते. कायद्यात 'आपखुशीने' हा शब्द आहे, डॉक्टर एकांतात बसवून विचारतात, सही घेतात, ह्या सगळ्याचा मान राखूनही आम्ही म्हणतो की पोटात पोरे असलेल्या, माहेर लांब असलेल्या, स्वतःची कमाई नसलेल्या बाईची खुशी त्या एका सहीवरून मोजता येत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचे 'हो' किती वजनाचे? दान म्हणजे ज्याच्यापाशी आहे त्याने मोकळ्या हाताने दिलेले. हात धरून दिलेले ते दान नव्हे, मग तो हात धरणारा कोणी दृष्ट नसला, नुसता घरचा रिवाज असला तरी.

घरच्या मंडळींचा युक्तिवाद ठरलेला असतो: तो कमावता आहे, त्याचे ऑपरेशन झाले तर घर कसे चालेल, हिला काय, घरीच बसायचे आहे. घरीच बसायचे! पहाटे उठून गोठा काढणारी, पाणी भरणारी, रोजाने खुरपायला जाणारी बाई घरी बसलेली असते, हे गणित आम्हांस कधी उलगडले नाही. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर चांगला जगतो हे खरे. तरी ऑपरेशनाचा धोका थोडा का होईना असतोच, जड कामापासून काही आठवडे दूर राहावे लागते, आणि पुढे जन्मभर रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी लागते. देऊन मोकळ्या झालेल्या किती बायकांची ही तपासणी घरचे नियमाने करवितात, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी आपसात अदलाबदल करावी, अशीही सोय 2011 च्या दुरुस्तीने झाली आहे. जयपूर येथे 2016 साली एका हिंदू आणि एका मुसलमान घरात अशी अदलाबदल झाली. ह्याच्या नवऱ्याला तिची, तिच्या नवऱ्याला हिची. भेदाभेद अमंगळ मानणाऱ्या आम्हां लोकांना ही बातमी ऐकून भरून यावे हे साहजिकच आहे. आम्हांलाही आले. मग लक्षात आले की तेथेही देणाऱ्या दोन्ही बायकाच, आणि घेणारे दोन्ही नवरे. जात गळाली, धर्म गळाला, ही एक गोष्ट मात्र जागची हलली नाही.

आता दुसऱ्या रस्त्याकडे या. ह्यात समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि गैरसमजही येथेच अधिक आहेत.

घरी वार्धक्याने देह ठेविला, किंवा हृदय बंद पडून माणूस गेला, तर त्याचे डोळे घेता येतात. मूत्रपिंड, यकृत, हृदय ही आपल्याकडे बहुतेक करून मिळत नाहीत, कारण रक्त थांबताच ती निकामी होऊ लागतात. ती मिळतात ती मेंदूमृत्यू झालेल्या माणसापासून. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, आणि मेंदूच्या मुळाशी असलेला जो भाग श्वास चालवितो तोच कायमचा मेला, तर तो माणूस मेला. पण रुग्णालयात त्याला आधीच श्वासाचे यंत्र, म्हणजे व्हेंटिलेटर, लावलेले असते. यंत्र हवा भरते, त्या हवेवर हृदय काही काळ आपल्या आपण चालत राहते. छाती वरखाली होते, अंग गरम लागते, लघवी होते. अशा देहाकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणतात, तुमचा मुलगा गेला. कोणती आई विश्वास ठेवील?

आम्ही त्या आईला अडाणी म्हणणार नाही. हजारो वर्षे माणसाने मरण ओळखले ते श्वासावरून आणि नाडीवरून. यंत्राने ती खूणच पुसली. पण म्हणून ते मरण खोटे ठरत नाही. बेशुद्ध पडलेला, कोमात गेलेला माणूस वेगळा. त्याचा मेंदू जिवंत असतो, तो क्वचित परततो. मेंदूमृत्यू झालेला परतत नाही. यंत्र चालू ठेविले तरी हृदयही बहुधा थोड्या काळाने थांबते. कायद्याने ह्या निर्णयाला कुंपणेही घातली आहेत. चार डॉक्टरांनी तपासावयाचे, त्यांत एक मेंदूविकारांचा जाणकार. प्रत्यारोपण करणाऱ्या तुकडीतला कोणी त्यांत असता कामा नये. बुबुळावर उजेड टाकून, कानात थंड पाणी घालून, यंत्राचा श्वास थांबवून छाती आपणहून उठते का ते पाहून, असे परीक्षण करावयाचे, आणि सहा तासांनी ते सगळे पुन्हा करावयाचे. एका डॉक्टराच्या लहरीवर हे सोडलेले नाही.

तथापि येथे आमचीही एक तक्रार आहे, आणि ती सरकारदरबारी पोहोचावी. मेंदूमृत्यूची ही व्याख्या आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या कायद्यात आली. जन्ममृत्यूच्या नोंदीचा 1969 चा कायदा मात्र मरण म्हणजे जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होणे, असे जुन्याच शब्दांत म्हणतो. परिणाम असा होतो की पुष्कळ रुग्णालयांत मेंदूमृत्यूचे परीक्षण अवयव मिळण्याची आशा असेल तेव्हाच उरकले जाते. मग साध्या माणसाच्या मनात येणारच की ह्यांना अवयव हवेत म्हणून हे मेला म्हणतात. मरण हे मरण आहे, कोणाला काही हवे असो वा नसो. ते दान मागावयाच्या आधी, आणि दान मिळो न मिळो, सर्वांना सारखेच लागू झाले, तर हा संशय पुष्कळसा विरेल.

धर्माची शंकाही लोक घेतात. देह खंडित झाला तर अग्नी कसा द्यावा? पुढल्या जन्मी डोळ्यांवाचून तर यावे लागणार नाही? आम्ही वारकरी मंडळी, टाळ हाती घेतला की देह नाशिवंत म्हणून घसा कोरडा करतो. आणि देण्याची वेळ आली की तोच देह एकाएकी अखंड व पवित्र होऊन बसतो. अहो, अवयव काढून घेतल्यावर डॉक्टर देह नीट शिवून, स्वच्छ करून घरच्यांच्या स्वाधीन करतात. स्नान घालता येते, तुळशीपत्र मुखात ठेवता येते, अग्नी देता येतो, दहावे-तेरावे सगळे होते. चितेने डोळा जाळला तर पुढल्या जन्मी डोळा मिळतो आणि कोणा आंधळ्याला दिला तर मिळत नाही, असा न्याय कोणत्या देवाचा? ज्याच्या दारी उभे राहावयास आम्ही अठरा-वीस दिवस चालतो, त्याचा तरी नव्हे.

व्याख्यानांतून दधीचि ऋषींचा दाखला ह्या विषयात हटकून देतात. दाखला चांगला आहे, पण पुरता ध्यानात घेतला जात नाही. दधीचींनी अस्थी दिल्या त्या स्वतः विचार करून, स्वतःच्या मुखाने हो म्हणून. त्यांच्या पश्चात त्यांच्या पुतण्याला कोणी इस्पितळाच्या बाकावर बसवून विचारले नाही. आपल्याकडे अवघड जागा नेमकी तीच आहे. जाणाऱ्याने आपल्या हयातीत काही बोललेलेच नसते. चोवीस वर्षांचा मुलगा आत पडला आहे, बाहेर बाप भिंतीला टेकून बसला आहे, आणि त्या घटकेस त्याला असे काही विचारले जाते की ज्याचा त्याने आयुष्यात कधी विचार केलेला नाही. चुलते म्हणतात नको, गावाकडचे म्हणतात पोराची चिरफाड कशाला. बाप नाही म्हणतो. आम्ही त्याला दोष देत नाही. दोष त्याच्या आधीच्या सगळ्या वर्षांच्या गप्प राहण्याला आहे.

स्पेन म्हणून एक देश युरोपात आहे. तेथे दर दहा लाख लोकांमागे वर्षाला पन्नासच्या आसपास मृत दाते मिळतात. जगात त्या देशाचे नाव ह्या बाबतीत अग्रभागी आहे. तेथला 1979 चा कायदा असा की मनुष्याने नको म्हणून ठेविले नसेल तर त्याची संमतीच धरावी. आपल्याकडे काही सुधारक लोक तसाच कायदा येथे करा म्हणतात. पण त्यांनी हेही पाहावे की स्पेनमध्येसुद्धा प्रत्यक्षात घरच्यांना विचारल्यावाचून हात लावीत नाहीत, आणि तेथले आकडे वाढले ते कायदा झाल्याबरोबर नव्हे, तर 1989 साली राष्ट्रीय संस्था उभी राहून रुग्णालयांत शिकविलेली माणसे नेमली गेली त्यानंतर. शोकात बसलेल्या कुटुंबाजवळ जाऊन कसे बसावे, आधी काय सांगावे, कधी गप्प राहावे, केव्हा विचारावे, ही विद्या आहे. आपल्या कायद्यानेही अतिदक्षता विभागातल्या डॉक्टराने समन्वयकासह घरच्यांस विचारलेच पाहिजे असे ठरविले आहे, आणि मान्यता मिळालेल्या रुग्णालयात असा समन्वयक नेमणे सक्तीचे आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्यासाठी विभागीय केंद्रेही आहेत. माणूस गेल्यावर माणसांजवळ बसण्याचे काम आमच्या कीर्तनकार मंडळींना परके नाही. त्यांनी ह्या समन्वयकांची ओळख करून घेतली तर दोघांचेही काम सोपे होईल.

बरे, दिले तर ते जाते कोणाला? हा प्रश्न गरीब माणूस तोंडावर विचारीत नाही, पण मनात ठेवतो. रस्त्यावर मरणारा बहुधा मजुराचा, शेतकऱ्याचा पोर; आणि प्रत्यारोपणे बहुतेक खासगी रुग्णालयांत होतात, जेथे लाखांच्या खाली बोलणे नाही. मूत्रपिंडासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतली मर्यादा 2023 साली अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली गेली, हे चांगले झाले. पुढच्या जन्मभराच्या औषधांचे ओझे मात्र घरावर राहतेच. अवयव कोणाला द्यावा हे पैशाने ठरत नाही, यादीने ठरते: रक्तगट, आजाराची निकड, किती दिवस वाट पाहिली. यादी आंधळी आहे, आणि ती आंधळी असावी हेच न्याय्य. पण यादीत नाव लागण्यासाठी जो खर्च व ज्या चकरा लागतात, त्या आंधळ्या नाहीत. गरिबाचे नाव यादीच्या दारातच गळते. गरिबाने द्यावे आणि श्रीमंताने घ्यावे, असे होत राहिले तर दानाचा सगळा उपदेश पोकळ ठरेल. सरकारी रुग्णालयांत ही ऑपरेशने वाढविणे, आणि पुढची औषधे फुकट देणे, ह्यावाचून दुसरा उपाय आम्हांस दिसत नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय संस्थेने राज्यांस एक सूचना केली. मृत दात्याच्या जवळच्या नातलगाला पुढे कधी अवयव लागला तर त्यास, आणि यादीतल्या स्त्रियांस, प्राधान्य द्यावे. पहिल्या भागाविषयी आमचे मन द्विधा आहे. दिल्याच्या बदल्यात रांगेत पुढे सरकणे, हा थोडा व्यापार झाला. देणाऱ्याच्या घरच्यांना घेणाऱ्याचे नावही कळू द्यावयाचे नाही, असा जो आजचा दंडक आहे, तो आम्हांस अधिक भावतो. कोणाचे हृदय कोणात धडधडते हे पांडुरंगाला माहीत. दुसऱ्या भागाविषयी मात्र आमची शंका नाही. काही लोक ओरडतील की रांगेत स्त्री-पुरुष कशाला. त्यांनी आधी ती रांग उभी राहण्यापूर्वीची रांग पाहावी, जी घराच्या ओसरीवर लागते.

ह्या साऱ्यावर विज्ञान एक तिसराच रस्ता काढू पाहत आहे. जनुके बदललेल्या डुकराचे हृदय अमेरिकेत जानेवारी 2022 मध्ये, आणि मूत्रपिंड मार्च 2024 मध्ये, जिवंत माणसाला बसविले गेले. दोन्ही रोगी सुमारे दोन-दोन महिने जगले. प्रयोग पुढे चालू आहेत. माळकऱ्याला हे चालेल काय, असे आम्हांस एका दिंडीकऱ्याने विचारले. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन देतात, ते डुकराच्या आतड्यापासूनच काढतात. हे सांगितल्यावर तो गृहस्थ बराच वेळ बोलला नाही. जिभेच्या चोचल्यासाठी जीव मारणे आणि जीव वाचविण्यासाठी औषध घेणे एक नव्हे, असे आमचे मत आहे. पण केवळ इंद्रिये काढून घेण्यासाठी जनावरांचे कळप वाढवावयाचे, आणि तेही अशा वेळी की माणसांची चांगली इंद्रिये रोज चितेवर जळत आहेत, हे आमच्या मनाला पटत नाही. आधी आपल्या मेलेल्यांना विचारू, मग त्या मुक्या जनावराकडे जाऊ.

जिवंत बाईच्या पोटाला आम्ही बेधडक हात घालतो, आणि मेलेल्या पुरुषाच्या देहाला जपतो. ज्याला दुखणार आहे त्याच्याकडून घेतो, ज्याला दुखणार नाही त्याच्याकडे मागावयास लाजतो. मेंदूमृत्यू झालेल्या एका देहातून सात-आठ जणांना जीवदान मिळू शकते; हृदय चार-सहा तासांत, यकृत बारा तासांच्या आत, मूत्रपिंड दिवसभरात पोहोचले म्हणजे झाले. असे देह जितके पुढे येतील, तितक्या ओसऱ्यांवर सगळ्यांच्या नजरा त्या एकीकडे वळावयाच्या राहतील. मृत देह राखून ठेवण्यासाठी आणि अवयव काढण्यासाठी होणारा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यावयाचा नाही, असा नियम आहे. कोणी बिल पुढे केले तर तसे स्पष्ट सांगावे.

ज्यांच्या घरी माणूस साध्या मरणाने जाईल त्यांनी डोळ्यांचे तरी पाहावे. सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसे यावी लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, चष्मा असलेले, वयाने ऐंशीच्या पुढचे, कोणाचेही चालतात. संसर्गाचे काही रोग असले तरच नाही म्हणतात.

आणि स्वतःविषयी ज्यांस काही ठरवावयाचे असेल त्यांनी ते आजच, धडधाकट असताना, घरात मोठ्याने बोलावे. नुसते कार्ड खिशात ठेवून उपयोग नाही, कारण ऐन वेळी विचारणार ते घरच्यांनाच. पुरुषांनी आधी बोलावे, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. बायका आजवर पुष्कळ देत आल्या आहेत. अवयवदानाच्या कागदी अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्यांतला एक तरी जवळचा नातलग असावा लागतो. म्हणजे अर्ज भरावयाचा तर बायकोला, मुलाला किंवा भावाला समोर बसवून, काय लिहितो आहे ते वाचून दाखवावे लागते.